आमची वाटचाल : काम करतं कोण?

सुरुवातीची काही वर्षं आमच्या रासायनिक तपासणीच्या प्रयोगशाळेने याद्या विकल्या. नमुना यायचा, यंत्रातून जायचा आणि कागदावर उतरायचं : अमुक घटक इतके टक्के, तमुक इतके. काम चोख होतं, गिऱ्हाईक टिकून होतं. मग वनस्पतींचे अर्क बनवणाऱ्या एका गृहस्थांनी आमचा बारा पानी अहवाल टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, हे सगळं ठीक, पण यातलं काम करतं कोण?"

मी आलेखातल्या सगळ्यांत उंच पीकवर, म्हणजे शिखरावर, बोट ठेवलं.

"कशावरून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उंच पीक म्हणजे त्या डिटेक्टरला जास्त दिसलेला पदार्थ, एवढंच. अतिनील प्रकाश न शोषणारा पदार्थ यूव्ही डिटेक्टरला दिसतच नाही, मग तो कितीही जालीम असो. एवढी साधी गोष्ट मला शिकताना माहीत होती. धंद्यात पडल्यावर विसरलो होतो.

माझी एक वर्गमैत्रीण सूक्ष्मजीवशास्त्रात होती. तिला हा किस्सा सांगितला तर म्हणाली, "मग जिवाणूंना विचार ना. तुझ्या यंत्राला ते किती आहे कळतं, माझ्या जिवाणूंना ते काय करतं ते कळतं." वर्षभरात ती भागीदार झाली, आणि मागची अडगळीची खोली जिवाणूंची झाली.

आम्ही काही नवीन शोधलं नाही. १९४६ साली गुडॉल आणि लेव्ही या दोघांनी पेनिसिलिनचे प्रकार कागदावर वेगळे केले, तो कागद जिवाणू पेरलेल्या अगारच्या जेलीवर ठेवला आणि वाढ कुठे थांबते ते पाहिलं. आज कागदाच्या जागी २० बाय १० सेंटिमीटरची प्लेट आहे, तिच्यावर सिलिकाचा जेमतेम ०.२ मिलिमीटरचा थर. त्यावर नमुन्याच्या आठ मिलिमीटरच्या रेघा मारायच्या, द्रावक वर चढू द्यायचा, प्रत्येक रेघेच्या वरच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकवर, घटक आपापल्या उंचीवर थांबतात. प्लेट वाळवून बॅसिलस सबटिलिसच्या द्रावणात बुडवायची, दमट डब्यात ३७ अंशांवर ठेवायची, मग एमटीटी हा पिवळा रंग द्यायचा. जिवंत जिवाणू त्याचा जांभळा करतात. थोड्या वेळाने सगळी प्लेट जांभळी होते आणि मध्येच एखादा फिकट डाग तसाच राहतो. तो डाग म्हणजे आम्ही शोधत असतो तो पदार्थ. जिवाणूंच्या खाद्यातले क्षार मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राला) त्रास देतात, म्हणून न बुडवलेली जुळी प्लेट ठेवतो आणि त्याच उंचीवरचा पदार्थ तिच्यावरून धुऊन घेतो. बाराशे गोष्टींची ओळख पटवत बसण्यापेक्षा एका डागाची पटवायची.

पहिली फजिती मात्र मोठी झाली. आम्ही नव्याने चमकणारे जिवाणू आणले होते, अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी. समुद्रातले, त्यामुळे खाद्यात मीठ लागतं, आणि विषारी काही भेटलं की त्यांचा उजेड मंदावतो. अंधाऱ्या खोलीत निळसर-हिरवी प्लेट पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही दोघं गप्पच झालो होतो. त्या प्लेटवर सातही नमुन्यांत एकाच उंचीवर काळा पट्टा होता. सात वेगवेगळ्या नमुन्यांत एकच सक्रिय पदार्थ! मी उत्साहाने गिऱ्हाइकाला फोनही करून टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने फोटो पाहून हळूच विचारलं, "सर, दोन ट्रॅकच्या मधल्या रिकाम्या जागेतही काळं का आहे?"

द्रावकात फॉर्मिक आम्ल होतं. प्लेट नीट वाळली नव्हती, आम्ल एका उंचीवर साठलं होतं आणि जिवाणू त्याने मंदावले होते. नमुन्याचा काही संबंधच नव्हता. रिकामा ट्रॅक मी "जागा वाया जाते" म्हणून ठेवला नव्हता. पुन्हा फोन करून शब्द मागे घेणं फार जड गेलं. तेव्हापासून आम्ल वापरलं की बफर, म्हणजे आम्लता मोडणारं द्रावण, फवारून प्लेट उदासीन करतो, आणि रिकाम्या ट्रॅकशिवाय प्लेट द्रावकाच्या टाकीत जात नाही. ती मुलगी आता जिवाणूंची खोली सांभाळते.

नव्या गिऱ्हाइकाला हे काम समजावताना मी कोहो सामन माशांची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे अंडी घालायला ओढ्यांत परतणारे हे मासे पावसानंतर मरत होते. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात हजारो रसायनं. संशोधकांनी टायरच्या रबराचा अर्क घेतला, त्याचे भाग पाडले, प्रत्येक भागात मासे मरतात का ते पाहिलं, मारक भागाचे पुन्हा भाग पाडले. २०२० च्या डिसेंबरात उत्तर प्रसिद्ध झालं : ६पीपीडी-क्विनोन. टायर ओझोनने तडकू नये म्हणून घातलेल्या ६पीपीडीपासून ओझोनच्याच संपर्कात तयार होणारा पदार्थ. दोन हायड्रोजन गेले, दोन ऑक्सिजन आले. तो कुणाच्याच तपासणी-यादीत नव्हता, त्यामुळे यादी घेऊन बसलेल्याला तो सापडलाच नसता.

आमच्या वाट्याला असं नाट्य क्वचित येतं. बहुतेक वेळा जिवाणूरोधक डाग लिनोलेइक आम्लासारख्या साध्या फॅटी आम्लाचा निघतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. कधी डाग दिसतो पण मास स्पेक्ट्रोमीटरला तिथे काहीच दिसत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओळखणाऱ्या यीस्टला पिकोग्रॅमसुद्धा पुरतो, यंत्राला दर वेळी पुरत नाही. तेव्हा नाव सांगत नाही. नाव सांगायचं तर विकतचं स्टँडर्ड, म्हणजे त्या पदार्थाचा शुद्ध नमुना, शेजारच्या ट्रॅकवर हवं, त्याच उंचीवर थांबायला हवं, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच्या रेणूचे तसेच तुकडे पडायला हवेत आणि तेवढ्या मात्रेत तेवढाच परिणाम दिसायला हवा. यातलं शेवटचं पुष्कळ जण सोडून देतात. पदार्थ सापडला, पण नमुन्यात तो इतका थोडा की परिणामाचा दहावा हिस्साही त्याने होत नाही, असं आम्ही स्वतः पाहिलंय. अशा वेळी अहवालात आम्ही तसंच लिहितो, आणि काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेलीही.

सध्या एका अर्काने आम्हाला अडवून ठेवलंय. पूर्ण अर्क जोरदार काम करतो, त्याचे पाच भाग केले तर एकही करत नाही. पाचही पुन्हा एकत्र केले, परिणाम परत आला. भागीदारबाईंनी दर वेळी एक भाग गाळून पाहिला : दुसरा गाळला की परिणाम जातो, चौथा गाळला तरी जातो. मग फक्त दुसरा आणि चौथा एकत्र केला, तर निम्माच आला. या आठवड्यात त्या दोघांना उरलेल्या तिघांची एकेक करून जोड देतोय. गिऱ्हाइकाचा फोन दर सोमवारी येतो आणि हल्ली तो तीच उचलते.