खर्जात लागलेला स्वर

कार्पेंटर्स या अमेरिकन गायक जोडीची गाणी आवडतात असे चारचौघांत सांगायला संगीतातल्या जाणकार मंडळींना बरीच वर्षे संकोच वाटत असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते, रॉक संगीत दिवसेंदिवस कर्कश होत चालले होते, आणि अशा वेळी कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावचे रिचर्ड आणि कॅरन कार्पेंटर हे बहीणभाऊ नीटनेटक्या कपड्यांत प्रेमाची, पावसाची आणि विरहाची गोड गाणी गात होते. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावले आणि त्यांच्यावरचा सोज्वळपणाचा शिक्का आणखी पक्का झाला. तरीही ही गाणी टिकली, आणि ती केवळ गोडव्यामुळे टिकली असे मला वाटत नाही. नुसत्या गोड गाण्यांची त्या काळात काही वाण नव्हती.

खरे कारण कॅरनच्या आवाजात आहे, आणि त्यातही तो आवाज कुठे लावायचा याच्या जाणिवेत आहे. लोकप्रिय गायिकांचा ओढा बहुधा वरच्या पट्टीकडे असतो, कारण टाळी तिथे मिळते. कॅरनचा आवाज मात्र खाली, खर्जाकडे जाताना अधिक भरीव आणि उबदार होत असे, आणि रिचर्डने हे वेळीच ओळखून गाण्यांच्या पट्ट्या तशाच निवडल्या. शिवाय ती मुळात ड्रम वाजवणारी मुलगी. गायिका म्हणून नाव झाल्यावरही ती स्वतःला गाणारी ड्रमवादक समजत असे. शब्द ठोक्यावर नेमका टाकायचा की किंचित मागे रेंगाळू द्यायचा, हे तिला जे अचूक कळत होते, ते बहुधा हातातल्या काठ्यांनीच तिला शिकवले असावे.

१९७१चे ‘सुपरस्टार’ घ्या. दूर निघून गेलेल्या गिटारवादकाचे गाणे रेडिओवर ऐकत त्याची वाट पाहणारी एक मुलगी, एवढाच प्रसंग आहे. ओबो या फुंकवाद्याचे सूर वाजतात आणि कॅरन पहिली ओळ जवळजवळ कानाशी बोलल्यासारखी, अगदी खालच्या स्वरांत सुरू करते. ध्रुवपदाला पितळी वाद्ये आणि मागचे आवाज उसळून येतात. तिथे दुसऱ्या कुणीही गळा मोकळा सोडला असता, पण ती एका विशिष्ट मर्यादेपलीकडे जात नाही, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. तबकडीवर आलेले हे गायन म्हणजे वादकांना अंदाज यावा म्हणून तिने गायलेली पहिलीच खेप होती. शब्द आधी आणि गळ्याची करामत नंतर, हा संयम भावगीतांवर वाढलेल्या मराठी कानाला परका वाटू नये.

कॅरनचा १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, अ‍ॅनोरेक्सिया या, वजनाच्या धास्तीने खाणेच तोडायला लावणाऱ्या आजाराच्या परिणामांमुळे मृत्यू झाला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक उदास ओळीत लोक हा शेवट शोधू लागले. मला ते पटत नाही. सोमवार आणि पावसाळी दिवस यांच्या मरगळीचे ते प्रसिद्ध गाणे तिने गायले तेव्हा ती जेमतेम विशीत होती आणि तिच्या यशाचा चढता काळ होता. त्या उदासीचे श्रेय तिच्या दुर्दैवाला देणे म्हणजे तिची कला काढून घेणे आहे.

रिचर्डचे काम त्या मानाने झाकलेले राहते. त्या दोघांचेच आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून तो एकावर एक चढवत असे, त्यामुळे मागे मोठा गायकवृंद उभा आहे असा भास होतो. ‘क्लोज टू यू’ हे संगीतकार बर्ट बॅकरॅक आणि गीतकार हॅल डेव्हिड यांचे गाणे आधीही इतरांनी गायले होते, पण १९७० मध्ये ते अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले ते या जोडीचे म्हणून. ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ची सुरुवात तर एका बँकेच्या जाहिरातीतून झाली. रिचर्डला ती दूरचित्रवाणीवर ऐकताना त्यात पुरे गाणे दिसले. पुढे लोकांनी आपापल्या लग्नांत तेच वाजवले आणि बँक विसरली गेली.

त्याचे सर्वांत मोठे धाडस १९७२च्या ‘गुडबाय टू लव्ह’मध्ये आहे. प्रेमाला कायमचा निरोप देणारे हे संथ गाणे, आणि त्यात अचानक टोनी पेलुसोची इलेक्ट्रिक गिटार करवतीसारख्या खरखरीत आवाजात घुसते. यांनीही आता रॉकची वाट धरली म्हणून काही चाहत्यांनी संतापाची पत्रे पाठवली. आज ऐकताना वाटते की गायिकेने जे आवरून धरले होते, ते सगळे त्या गिटारीने बोलून टाकले.

सगळेच काही मला रुचते असे नाही. लहान मुलांच्या कोरससह गायलेले ‘सिंग’ लागले की मी ते बिनदिक्कत पुढे ढकलतो. त्यात साखर जरा जास्तच पडली आहे. पण जपानमध्ये १९९५ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत यांची गाणी वापरली गेली आणि ती बाजारात आली त्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी मुले दुकानांतून त्यांच्या सीडी नेऊ लागली, तेव्हा त्यांना कुणी जुन्या आठवणींचे आमिष दाखवले नव्हते. २०१८ मध्ये रिचर्डने लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाला घेऊन बहिणीच्या जुन्याच आवाजाभोवती नवी वाद्ये रचली. काम देखणे आहे, पण मी मूळच्याच तबकड्या ऐकतो, कारण त्या आवाजाला इतक्या व्हायोलिनांची गरज कधीच नव्हती.