बॅटरीत पाणी घातलंस का?

जानेवारीतली संध्याकाळ, सहालाच मिट्ट काळोख, समोरून पूर्वेचा वारा. नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की समजायचं, आता हाडं गोठणार. हूफडॉर्पच्या ऑफिसातून आम्स्टेलवेनला घरी निघाले होते. बारा किलोमीटर, रोजचाच रस्ता. स्किपोल विमानतळाच्या कुंपणाजवळ आले आणि इ-सायकल एकदम जड झाली. तिच्या पडद्यावर बॅटरीच्या दोन काड्या दिसत होत्या. पाहता पाहता पडदाच काळा झाला.

इ-सायकलची गंमत अशी, की मोटर चालू असते तोवर आपण शूर. मोटर बंद पडली की खाली पंचवीस किलोचं धूड उरतं. त्यात हा सगळा भाग म्हणजे हार्लेमरमेर, १८५२ साली पाणी उपसून कोरडं केलेलं तळं. समुद्रसपाटीपासून चार मीटरहून जास्त खाली. त्यामुळे घरी जाताना शेवटी कालव्याचा बांध चढावाच लागतो. मी सायकलवरून उतरून, ती ढकलत तो चढले. शेजारून सत्तरीच्या एक आजी त्यांच्या इ-सायकलवरून सुळकन गेल्या, वर हातही केला.

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडे. इथे त्याला 'फीट्सेनमाकर' म्हणतात, आणि बॅटरीला 'आक्यू'. त्याने बॅटरी काढून कॉम्प्युटरला जोडली आणि कागद हातात दिला. चार्जिंगच्या पूर्ण फेऱ्या ३८८, उरलेली क्षमता ५८ टक्के. मी म्हटलं, पाचच तर वर्षं झालीत. त्याने आधी विचारलं, घरात कुठे ठेवता?

कुठे म्हणजे? दाराशी, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवरच्या फळीवर. उबेला. आले की लगेच चार्जरला लावायची, ती सकाळी निघेपर्यंत. शनिवार-रविवारसुद्धा. आमच्या मिरजेच्या घरी लोडशेडिंगच्या काळात जे शिकले तेच करत होते: वीज आहे तोवर भरून ठेव. शिवाय महिन्यातून एकदा पार रिकामी करायची, कारण जुन्या मोबाइलच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं. तो बिचारा हसला नाही, पण भुवई उडवली.

मग त्याने जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण पुण्या-नाशकातही आता इ-सायकली दिसायला लागल्यात. माझ्या बॅटरीच्या डब्यात चाळीस लिथियम-आयन सेल आहेत, प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. दहा-दहाच्या चार ओळी, मिळून ३६ व्होल्ट, ५०० वॉट-तास (म्हणजे एका वेळी साठणारी वीज). अशी बॅटरी साधारण पाचशे ते हजार पूर्ण फेऱ्या टिकते. दोनदा अर्धी भरली तर ती एकच फेरी धरतात. म्हणजे वापरून वापरून माझी बॅटरी अजून संपायला नको होती. ती संपली बसून बसून! शंभर टक्के भरलेल्या लिथियम सेलच्या आत तसाही ताण असतो. त्याला ऊब मिळाली की आतली रसायनं नको त्या प्रक्रिया करत बसतात आणि क्षमता कायमची झिजते. सायकल उभी असतानाही. आणि मी तर तिला शेकोटीपाशीच बसवलं होतं.

दुसरी चूक याहून वाईट. बाहेर शून्याखाली असताना गारठलेली बॅटरी आणून तशीच चार्जरला लावणं. थंडीत चार्ज करताना लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या आत नीट शिरत नाही, त्याचा धातूचा थर पृष्ठभागावरच साचतो. तो पुन्हा कामाला येत नाही, वर आत शॉर्ट व्हायची भीती. थंडीत नुसती चालवली तर मात्र फार बिघडत नाही, अंतर कमी मिळतं इतकंच, आणि घरात ऊब मिळाली की बॅटरी पूर्ववत होते. म्हणून आता घरी आले की तासा-दोन तासांनी चार्जर लावते, रोजच्यासाठी ऐंशी टक्क्यांवर काढते. भारतात सुट्टीला येताना अर्धी भरून जिन्याखालच्या गार कपाटात ठेवून येते. पार रिकामी करायची तर नाहीच.

नवी बॅटरी सहाशे युरोंच्या पुढे. मी विचारलं, नुसते आतले सेल बदलून मिळतील का? इथे ते करणारे लोक आहेत, पण काही कंपन्यांच्या बॅटऱ्या उघडल्या की आतलं सर्किट स्वतःला कुलूप घालतं. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा वाहनांच्या बॅटऱ्या आणि त्यातले सेलही स्वतंत्र कारागिराला बदलता आले पाहिजेत. माझी बॅटरी त्याआधीच गेली. नशीब!

जुनीचं काय करायचं? आधी ती सुपरमार्केटात घेऊन गेले, तिथे जुन्या बॅटऱ्यांची पेटी असते. पेटीचं भोक पेन्सिल सेलांपुरतं, माझ्या पिशवीत तीन किलोचा ठोकळा. भोकाशी एकदा लावूनही पाहिला, खोटं कशाला बोलू. मागे रांगेतला मुलगा शांतपणे म्हणाला, ही सायकलवाल्याकडे द्यायची.

दरम्यान भावाचा मेसेज: टाकू नकोस, येताना आण, आपण इन्व्हर्टरला जोडू. त्याला समजवावं लागलं की विमानात हातातल्या सामानातसुद्धा १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि ही तिच्या तिप्पट. तो म्हणाला, कपड्यांत गुंडाळ. मी फोन ठेवला.

सायकलवाल्याने बॅटरी उलटसुलट करून पाहिली: फुगलीय का, चिरलीय का. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावली आणि मागच्या खोलीतल्या झाकणाच्या पिंपात ठेवली. फुगलेली असती तर इतरांबरोबर ठेवलीच नसती. एक पैसा मागितला नाही. परत घेण्याचा खर्च बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांनी उचलायचा असतो, गोळा करायचं काम इथे एक संस्था बघते. पुढे त्यातून कोबाल्ट, निकेल, तांबं काढतात. लिथियम काढणं अवघड, म्हणून २०२७ अखेर निदान निम्मं परत मिळवायचं असं त्याच नियमांत घातलंय.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते दर महिन्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालतात, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी घातलं होतंस का?" म्हटलं, बाबा, हिच्यात पाणी नसतं. मग थोडं थांबून, "बरं, जुनीचे किती वजा केले?"

"काहीच नाही."

"काहीच नाही? आमचा बॅटरीवाला जुनीचे रोख कापून देतो. मग दिलीस कशाला?"