मरीन टँकसाठी (समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) पाणी: 'घरचं आरओ आहे ना, तेच वापरा'

या एका वाक्यानं माझं डोकं जितकं फिरलं तितकं सगळ्या मरीन टँकनं फिरवलं नाही. दुकानदार तेच म्हणतो, सर्व्हिसवालाही तेच.

बाकीचे पर्याय पटकन बाद झाले. पालिकेच्या नळाला क्लोरीन. बोअरला क्षार, बऱ्याचदा नायट्रेट आणि सिलिकेट. त्यावर तपकिरी शेवाळ मस्त वाढतं. टँकर आज इथला, उद्या तिथला. चौपाटीवरून कॅन भरून आणायचा सल्ला देणारे भेटतातच. मुंबईच्या किनाऱ्याला किती सांडपाणी मिसळतं ते त्यांना विचारावं. शिवाय पावसाळ्यात खारेपणा उतरतो तो वेगळाच.

तर घरचं आरओ. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला की ८०-९०. सर्व्हिसवाला म्हणतो, "एकदम बरोबर आहे." पिण्यासाठी बरोबरच आहे हो, तसं मुद्दाम केलेलं असतं. मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या आरओच्या पडद्यातून) निघालेल्या पाण्यात टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, पुढे मिनरल कार्ट्रिज चवीसाठी क्षार टाकतं. हल्ली त्यात 'कॉपर'वालं मशीन. आजारी माशांना तांबं औषध म्हणून ०.१५ ते ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) देतात, तेसुद्धा वेगळ्या टाकीत, कारण तेवढ्यात कोळंबी, शंख आणि प्रवाळ मरतात. हे सांगितलं तर उत्तर येतं, "तांब्याचं पाणी तर चांगलं असतं!" कपाळ.

उपाय सोपा आहे, कुणी सांगत नाही इतकंच. मेम्ब्रेनच्या हाउसिंगमधून दोन बारीक पाइप निघतात: एक वेस्टचा, दुसरा शुद्ध पाण्याचा. दुसऱ्यावर, कंट्रोलरच्या आधी, टी-जोड (तीन तोंडांचा) आणि छोटा व्हॉल्व्ह बसवा. मशीनमध्ये येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३०० असेल आणि मेम्ब्रेन धड असेल तर इथे ६ ते १५ मिळतं. पुढे मिक्स्ड-बेड डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा, मीटर शून्यावर येतो. ८० टीडीएसचं पाणी थेट रेझिनला दिलंत तर ते बघता बघता संपतं. मशीन बंद राहिल्यावरचं पहिल्या काही मिनिटांचं पाणी रेझिनला न देता ओतून टाका, त्याचा टीडीएस चढलेला असतो. व्हॉल्व्ह उघडून झोपू नका: पाणी मशीनच्या टाकीत जात नाही, त्यामुळे तिचा फ्लोट मशीन बंद करत नाही आणि तासाला १०-१२ लिटर फरशीवर.

ड्रम फूड-ग्रेड घ्या, पितळी नळ नको. मीठ लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम, ब्रँडनुसार. २५ अंशांना सापेक्ष घनता (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५-१.०२६. बाष्पीभवनानं घटलेलं पाणी गोड्या डीआय पाण्यानंच भरा, मीठ उडून जात नाही.

आणि हो, मीटर क्लोरीन दाखवत नाही. शून्य दिसलं तरी कार्बन फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर क्लोरीन आधी मेम्ब्रेन खातं.