जुन्या लाकडी सामानाचे पॉलिश आणि दोषाचा थर

स्वयंपाकघरातले जुने लाकडी टेबल किंवा कपाट काळवंडले की बहुतेकांचा हात थेट पॉलिश पेपरकडे जातो आणि निम्मे नुकसान तिथेच होते, असे माझे मत आहे. लाकडाचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो तो एकसंध नसतो. सर्वांत खाली लाकूड, त्यावर कधी स्टेनचा रंग, मग सीलर म्हणजे लाकडाची छिद्रे बुजवणारा अस्तराचा हात, त्यावर पॉलिशचे दोन-तीन हात आणि सगळ्यांवर वर्षानुवर्षांचा चिकटा अशी ती रचना असते. डाग, पांढुरकेपणा, पोपडे, चिकटपणा यांपैकी प्रत्येक दोष यांतल्या एखाद्याच थरात असतो. तो थर ओळखून तेवढ्यालाच हात घातला, तर काम लवकर होते आणि लाकूडही वाचते.

सुरुवात चिकट्यापासून करावी, कारण ‘पॉलिश पार गेले’ असे ज्याला म्हटले जाते ते अनेकदा शाबूत असते. फक्त त्यावर तेलाच्या वाफेचा, धुळीचा आणि काजळीचा मेणचट थर बसलेला असतो. हवेच्या संपर्कात राहून हे तेल घट्ट होत जाते आणि ओल्या फडक्याला दाद देत नाही. आधी भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे कोमट पाणी, मग फडक्यावर थोडे मिनरल टर्पेंटाइन, असा क्रम मला योग्य वाटतो, कारण साबणाने न निघणारे मेण आणि चरबी टर्पेंटाइनने सुटते आणि वाळलेल्या पॉलिशला सहसा धक्का लागत नाही. धुण्याच्या सोड्याचे पाणी चिकटा झटकन काढते खरे, पण लाखेचे पॉलिश क्षारात विरघळते आणि टॅनिन हे तुरट द्रव्य असलेले लाकूड त्याने काळे पडू शकते, म्हणून पॉलिश कशाचे आहे हे कळेपर्यंत सोड्याच्या वाटेला जाऊ नये. मुठी आणि कड्यांच्या भोवतीची जागा मात्र वेगळी पाहावी. तिथे हाताचा घाम आणि स्निग्धता पॉलिशच्या आत मुरून ते मऊ पडलेले असते. नखाने खरवडल्यावर काळसर लगदा निघाला, तर तो मळ नसून खुद्द पॉलिशच असते. ते पुसून सुधारत नाही, तेवढा भाग लाकडापर्यंत उतरवावाच लागतो.

पॉलिश ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा कपाटाच्या मागे, जिथे कोणाचे लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, आधी स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. पृष्ठभाग मऊ होऊन बोटाला चिकटू लागला, तर ती चपडी लाख आहे. स्पिरिटने फारसे काही झाले नाही आणि लॅकर थिनरच्या थेंबाने मात्र ते विरघळले, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळवून लावलेले झटपट वाळणारे पॉलिश, आहे. दोन्हींना दाद न देणारे पॉलिश बहुधा पॉलियुरेथेन किंवा तत्सम रासायनिक क्रियेने कडक होणारे असते. हा क्रम उलटा करू नये, कारण थिनरने लाखही मऊ पडते आणि निष्कर्ष चुकतो.

या परीक्षेवर पुढचे सगळे अवलंबून आहे. लाख आणि लॅकर केवळ द्रावक उडून गेल्यामुळे वाळतात, त्यामुळे नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळून जातो आणि दुरुस्ती दिसत नाही. पॉलियुरेथेनचे तसे नसते. त्याचा प्रत्येक हात आधीच्या हातावर केवळ धरून बसतो, म्हणून मधल्या घासाईत (साधारण ३२० नंबरच्या पेपरने) हयगय झाली की काही महिन्यांत पोपडे सुटतात. त्यावर दुरुस्ती करताना एक थर आरपार घासला गेला, तर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वलये उमटतात. ती आणखी घासून जात नाहीत, संपूर्ण फळीवर एक नवा सलग हात दिल्यावरच झाकली जातात. त्यामुळे पॉलियुरेथेनमध्ये ठिगळ लावण्याच्या भानगडीत पडू नये, पूर्ण फळी करावी, असा माझा आग्रह असतो.

पॉलिश उतरवायचेच ठरले, तर घासण्यापेक्षा रिमूव्हरने (पॉलिश सोडवणाऱ्या रसायनाने) मऊ करून बोथट पत्रीने रेषांच्या दिशेने खरवडणे बरे. जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून आधी तपासणी करावी, आणि शिसे आढळले तर तो कोरडा घासू नये व हीट गनने तापवूही नये. नंतरच्या घासाईत १२०, १५०, १८० असा क्रम पुरतो. स्टेन लावायचा असेल, तर त्याहून फार बारीक पेपर वापरून लाकूड गुळगुळीत करण्यात अर्थ नाही, कारण मग ते रंग कमी पिते. फळी भरीव आहे की व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), हे कडेवरून आधीच पाहून घ्यावे. व्हिनिअर बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ असते आणि मशीनखाली ते केव्हा संपले हे कळतसुद्धा नाही. घासाई झाल्यावर टर्पेंटाइनचा ओला बोळा फिरवून तिरक्या उजेडात पाहिले, की आडवे ओरखडे आणि सांडलेल्या गोंदाचे फिकट डाग तिथल्या तिथे उघडे पडतात. ही पाच मिनिटांची पाहणी टाळणाऱ्यांना तेच डाग स्टेन लावल्यावर दिसतात.

डागांच्या बाबतीत रंग पाहून थर सांगता येतो. गरम किंवा ओल्या भांड्याखाली उमटलेले पांढरे वलय म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. लाकूड त्याखाली ठणठणीत असते. लाख किंवा लॅकर असेल, तर स्पिरिटने जेमतेम दमट केलेले फडके त्यावरून न थांबता हलकेच फिरवले, की बहुतेकदा वलय नाहीसे होते; फडके ओले असेल किंवा एका जागी थांबले, तर पॉलिशच उचलले जाते. काळा डाग मात्र लाकडात असतो. ओलाव्यात लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांची क्रिया होऊन तो तयार होतो, म्हणून खिळ्यांच्या आणि लोखंडी भांड्यांच्या जागी तो हमखास सापडतो. त्यासाठी पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिडचे गरम पाण्यातले द्रावण लावावे लागते, आणि तेही फक्त डागावर न लावता संपूर्ण फळीवर. अन्यथा काळ्या डागाच्या जागी फिकट डाग मिळतो. हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालावेत, नंतर भरपूर पाण्याने धुवावे, आणि वाळून उरलेले स्फटिक घासून हवेत उडवू नयेत. कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचने हा डाग जात नाही.

नवे पॉलिश देताना होणाऱ्या चुकांमध्ये स्वयंपाकघरातल्या सामानाची खास खोड म्हणजे ओल्या थरात पडणाऱ्या गोल खळग्या. पॉलिश त्या जागी टेकतच नाही, कडेला सरकते. कारण बहुतेकदा सिलिकॉन असते, चकाकीसाठी पूर्वी मारलेल्या फर्निचर स्प्रेमधून लाकडात शिरलेले, किंवा मग न निघालेले तेल. अशा वेळी आणखी एक जाड हात मारून खळग्या भरण्याचा मोह होतो, पण त्या पुन्हा उमटतात. तो थर ओला असतानाच त्याच्याच द्रावकाने संपूर्ण पुसून टाकावा, पृष्ठभाग पुन्हा धुवावा, आणि वाळल्यावर लाखेचा एक पातळ हात देऊन खालचे तेल कोंडून टाकावे. वर पॉलियुरेथेन द्यायचे असेल, तर मेण काढलेलीच लाख वापरावी, कारण साध्या लाखेतल्या मेणावर ते नीट धरत नाही.

दुसरी तक्रार म्हणजे दिवसेंदिवस न वाळणारे पॉलिश. सागवान आणि शिसवीसारख्या लाकडातले नैसर्गिक द्रव्य तेलयुक्त पॉलिशला वाळू देत नाही. डबा जुना असला, हवा थंड असली किंवा तेलाचा हात पुसून न काढता जाड ठेवला, तरी तेच होते. सामान उबदार, हवेशीर जागी ठेवून काही दिवस वाट पाहावी. तरीही नख रुतत असेल, तर ते सगळे उतरवावे, तेलकट लाकूड थिनरने पुसावे आणि लाखेच्या हातापासून पुन्हा सुरुवात करावी. चिकट थरावर नवा हात चढवला, तर खालचा कधीच नीट कडक होत नाही आणि वरचा सुरकुततो.

ओघळ, ब्रशच्या रेषा, धुळीचे कण यांची चिंता करू नये. थर अर्धवट वाळलेला असताना त्यांना ब्रश लावू नये, एवढे पथ्य पाळले तर पुरे. कडक झाल्यावर ओघळ ब्लेडने कापून काढावा आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या पेपराने सपाट करावा. पावसाळी, दमट हवेत लॅकर किंवा लाख दुधाळ दिसू लागली, तर द्रावक उडताना थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेतले पाणी धरले आहे असे समजावे. कोरड्या दिवशी लॅकरवर थिनरचा, लाखेवर स्पिरिटचा हलका फवारा दिला की थर पुन्हा किंचित उघडतो आणि ते पाणी निघून जाते.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

शेवटच्या हाताची निवड जागेप्रमाणे करावी. टेबलाच्या फळीवर लाख टिकत नाही, कारण ती सुमारे ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि साबणाच्या पाण्याने हळूहळू झिजते. तिथे पॉलियुरेथेनच हवे, आणि हाताला वाळलेले वाटले तरी पूर्ण कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात, तोवर त्यावर गरम भांडे किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवू नये. कपाटाच्या दारांना लाख किंवा लॅकर चालते. खणांच्या आणि कपाटाच्या आतल्या बाजूला तेल कधीच लावू नये, कारण बंद जागेत त्याचा कुबट वास महिनोन्‌महिने राहतो. तिथे लाखेचे दोन पातळ हात देऊन दारे आठवडाभर उघडी ठेवावीत.