शिळी फ्रेम

मंगळवार

रोबोच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर उशिरा पोचतंय: रोबो थांबला तरी पडद्यावर तो चालतच असतो. दुरून चालवणाऱ्यासाठी हा दोष चित्र बंद पडण्यापेक्षा वाईट. पडदा काळा झाला की माणूस हात आवरतो. शिळ्या चित्रावर मात्र भरवसा ठेवून पुढे नेतो. वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि चित्र दोन सेकंद मागे, म्हणजे रोबो दिसतो त्याच्या एक मीटर पुढे.

आधी मोजमाप. कॉलबॅकमध्ये (प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, आली की चालणारं फंक्शन) आत्ताच्या वेळेतून फ्रेमच्या हेडरमधला टाइमस्टॅम्प (तिच्यावर लावलेली वेळ) वजा करून फरक छापला. (दोन्ही मशीनची घड्याळं क्रोनीने (घड्याळं जुळवणारा प्रोग्राम) जुळवलेली हवीत, नाहीतर ही वजाबाकी निरर्थक.) फरक स्थिर नाही, वाढत जातो. म्हणजे कुठेतरी रांग साठतेय.

पण सबस्क्रायबरचा (फ्रेम घेणाऱ्या बाजूचा) क्यू-साइज, म्हणजे रांगेची मर्यादा, तर १ आहे! रॉस १ या रोबोंसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथन वापरणारे इथेच अडकतात. खरी गोम बफ-साइजमध्ये आहे. सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) एका वेळी किती बाइट वाचायचे ते तो ठरवतो, आणि न सांगता मिळणारी किंमत ६५,५३६. ६४० × ४८० ची रंगीत फ्रेम ९,२१,६०० बाइटची. एका वाचनात एकही पुरी येत नाही. क्यू-साइज फक्त वाचून झालेल्या संदेशांतले जुने टाकतो. बाकीच्या फ्रेम टीसीपी बफरमध्ये (नेटवर्कवरून आलेला डेटा वाचेपर्यंत थांबतो ती जागा) ताटकळतात, तिथे त्याचा हात पोचत नाही. बफ-साइज २ चा २४वा घात केला: १,६७,७७,२१६ बाइट, अठरा फ्रेम मावतात. पब्लिशरचा (फ्रेम पाठवणाऱ्या बाजूचा) क्यू-साइजही १.

रांग मुळात लागते ती कॉलबॅक मंद असल्यामुळे. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला ३३ मिलिसेकंद, आणि त्यातच वस्तू ओळखणं आणि ओपनसीव्ही या लायब्ररीचं इमशो (चित्र खिडकीत दाखवणारं फंक्शन). रॉसपाय (रॉसची पायथन लायब्ररी) कॉलबॅक वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, चालवतो. खिडकी रंगवायचं काम मुख्य थ्रेडचं. आता कॉलबॅक लॉक घेऊन (दुसरा थ्रेड मध्ये येऊ नये म्हणून) ताजी फ्रेम ठेवतो नि सुटतो. मुख्य लूप ती उचलतो, इमशो, मग वेटकी(१). वेटकी गाळलं तर खिडकी रंगतच नाही. ओळखण्याचं काम तिसऱ्या थ्रेडवर, त्याला जमेल त्या गतीने.

टाइमस्टॅम्प कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लावतो, त्याआधीचा उशीर त्यात धरला जात नाही. म्हणून शेवटी कॅमेऱ्यासमोर स्टॉपवॉच, शेजारी पडदा, आणि दोन्हींचा एकच फोटो: दोन आकड्यांतला फरक म्हणजे पूर्ण उशीर.

फ्रेम ३०० मिलिसेकंदांहून जुनी झाली की चौकट लाल आणि सीएमडी-व्हेलवर (रोबोला वेगाची आज्ञा जिथून जाते तिथे) शून्य वेग. ही तपासणी मुख्य लूपमध्येच हवी. फ्रेम यायच्या थांबल्या तर कॉलबॅक चालतच नाही.