मकरपुऱ्यातून पुलांच्या पोटात

सुरुवात केली ती बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत), वजनकाट्यांचे लोडसेल, म्हणजे वजनाचा विजेच्या संकेतात आकडा देणारे भाग, दुरुस्त करण्यापासून. मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा, मी सिव्हिलचा. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाच्या परंपरेत शिकल्याचा अभिमान दोघांनाही. लोडसेलच्या आत स्ट्रेन गेज, म्हणजे ताणाने-दाबाने होणारा बारीकसा आकारबदल मोजणारा भाग, असतो, म्हणून पाइलच्या (पायासाठी जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाच्या) भारचाचणीचं काम आलं तेव्हा ते अगदी परकं वाटलं नाही. तिथूनच काँक्रीटमध्ये गाडायच्या सेन्सरची वाट धरली.

आम्ही मुख्यतः व्हायब्रेटिंग वायर गेज बसवतो. वीतभर लांबीच्या नळीत पोलादी तार ताणलेली असते. कॉइलमधून झटका दिला की ती तंबोऱ्याच्या तारेसारखी झणझणते. काँक्रीट दाबलं गेलं की तारेचा ताण उतरतो आणि सूर खाली येतो, काँक्रीट ताणलं गेलं की सूर चढतो. आपण मोजतो ती कंपनं. त्यामुळे केबल कितीही लांब झाली तरी तिच्या रोधाने आकडा सहसा बिघडत नाही. धरणांमध्ये वर्षानुवर्षं याच गेजवर भिस्त ठेवतात ती यासाठी.

खरी कसोटी ओतकामाच्या रात्री लागते. गेज सळईला समांतर, बाइंडिंग वायरने बांधायचा, पण इतका करकचून नाही की नळी वाकेल. केबल सळईच्या खालच्या अंगाने न्यायची, म्हणजे वरून पडणारं काँक्रीट थेट तिच्यावर आदळत नाही. ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा नीडल व्हायब्रेटर चालवणारे बरेचदा दाहोदकडचे. त्यांच्याशेजारी आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा असतो : "भाई, अहींया नीडल ना मारता." (भाऊ, इथे नीडल लावू नका.) दर थराला मल्टिमीटर लावायचा. गेजमधला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग, २५ अंशांना ३००० ओहम दाखवतो, त्याच्या आसपास आकडा आला की गेजची केबल शाबूत आहे असं समजायचं. ठेकेदाराला ही थांबाथांबी नको असते, कारण तयार काँक्रीटच्या (आरएमसीच्या) गाड्या रांगेत असतात. तरीही आम्ही थांबवतो. काँक्रीट बसल्यावर दुसरी संधी नाही.

तापमानाशिवाय वाचलेला आकडा मी कुणालाही देऊ देत नाही. काँक्रीट एका अंशाला दशलक्षात सुमारे दहा भाग प्रसरण पावतं. म्हणजे पुलाची ३० मीटरची तुळई (गर्डर) २० अंशांच्या फरकाने जवळपास सहा मिलिमीटर लांबते. बडोद्याच्या मे महिन्यातल्या दुपारी पूल जो हलतो, त्यातलं बरंचसं ऊनच असतं. ते वजा केल्याशिवाय भाराचं नाव घेऊ नये.

९ जुलै २०२५ ला आमच्याच जिल्ह्यात, पाद्रा तालुक्यात, महीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५ चा पूल, माणसं गेली. त्यानंतर ओळखीतला प्रत्येक जण विचारू लागला, "काका, सेन्सर असते तर?" माझं उत्तर सरळ आहे. सेन्सर जिथे बसवला आहे तिथलंच सांगतो. बेअरिंग (तुळई खांबावर जिथे टेकते ते आधार) आणि सांधे खाली उतरून डोळ्यांनी बघावेच लागतात. आणि आकडा अशा माणसाकडे पोचला पाहिजे ज्याला वाहतूक बंद करण्याचा अधिकार आहे. मला या धंद्यातली सगळ्यात मोठी उणीव तीच वाटते. यंत्रं मिळतात, आकड्यावर तातडीने सही करणारा मिळत नाही.

जुन्या पुलाला वरून गेज लावता येतात, आम्ही लावतोही. पण ते लावल्यानंतरचाच फरक दाखवतात. पूल स्वतःचं वजन कसं पेलतोय, हे कळायला गेज ओतकामाआधीच आत हवा. म्हणून नवीन काम घेताना आमची अट असते : शटरिंग (ओतकामाचा साचा) निघण्याआधीची, भार येण्यापूर्वीची वाचनं, गेजचे क्रमांक आणि जागांचे नकाशे मालकाच्या दप्तरी लेखी जमा करायचे, आणि पहिली पाच वर्षं वाचनांचा खर्च मूळ निविदेतच धरायचा. या अटीपायी काही कामं हातची गेली. ती अट आम्ही काढलेली नाही.