कोरझोकला रात्री श्वास का थांबतो

लेह सोडलं की रस्ता बराच वेळ सिंधूच्या काठाने जातो. चुमाथांगला जमिनीतून वाफाळतं पाणी वर येताना दिसतं. पुढे माहेच्या पुलावर नदीची साथ सुटते, चढ लागतो, आणि दुपार कलल्यावर अचानक त्सो मोरीरी तलाव समोर येतो. त्या निळाईबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते काठावरच्या कोरझोकमधल्या रात्रीबद्दल.

उंची सुमारे ४,५०० मीटर. हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्केच, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या ५५ ते ६० टक्के. सामान तंबूत नेईपर्यंत धाप लागली. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के दाखवत होता.

मध्यरात्री जाग आली ती शेजारच्या मित्रामुळे. त्याचे श्वास एकेक करत मोठे होत गेले, मग लहान लहान होत विरले आणि थांबले. पाच सेकंद, आठ सेकंद, काहीच नाही. मी हलवणार इतक्यात एक दांडगा श्वास, आणि पुन्हा तीच मालिका. याबद्दल वाचलेलं होतं, तरी ते आठ सेकंद फार लांब वाटतात.

एरवी सपाटीवर आपल्याला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं. हा वायू रक्तातून मेंदूत सहज झिरपतो, तिथलं आम्ल किंचित वाढवतो आणि मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेतल्या पेशी ते ओळखतात. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. मानेत दोन्ही बाजूंना, कॅरॉटिड धमनीला फाटा फुटतो तिथे, काही मिलिमीटरची कॅरॉटिड बॉडी असते. तिच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की पोटॅशियमच्या वाटा बंद होतात, कॅल्शियम आत शिरतं आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे निरोप जातो. माद्रिदच्या फर्नांडो दे कास्त्रोने तिची रचना पाहून ती रक्ताची चव घेत असावी असं सुचवलं होतं. बेल्जियमच्या कॉर्नील हेमान्स यांना या कामासाठी १९३८ चं नोबेल मिळालं. दे कास्त्रोच्या वाट्याला काही आलं नाही, हे मला अजून खटकतं.

सपाटीवर ही कॅरॉटिड बॉडी तशी निवांत असते. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिमीच्या खाली गेला की मात्र ती जोरात कामाला लागते, आणि कोरझोकला तो खालीच असतो. ती म्हणते, आणखी श्वास घे. आपण घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि लंबमज्जा म्हणते, पुरे, थांब. जागेपणी या भांडणात मेंदूची जाग श्वास चालू ठेवते. झोपेत तो आधार जातो आणि कार्बन डायऑक्साइड एका मर्यादेखाली उतरला की श्वास खरोखर थांबतो. मग कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन आणखी घसरतो, आणि दोन्हीकडून एकदम हाकाटी होते. शिवाय फुप्फुसातलं रक्त मानेपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. गिझरचं पाणी नळाला उशिरा येतं म्हणून आपण चावी जास्त फिरवतो आणि भाजून घेतो, तसं इथे दर वेळी होतं.

हॉल्डेन १९११ मध्ये सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, ४,३०० मीटरवर, आठवडेच्या आठवडे राहिले होते ते असल्याच प्रश्नांसाठी. हळूहळू मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्ताची अल्कता उतरते आणि लंबमज्जेचा विरोध मावळत जातो. याला दिवस लागतात, म्हणून लेहमधला मुक्काम कापू नये. डॉक्टर देतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी हेच काम लवकर करते.

सकाळी मित्राला विचारलं तर म्हणाला, ''झोप छान लागली रे.'' मी रात्रभर त्याचे श्वास मोजत बसलो होतो, हे त्याला सांगितलं नाही. निघायच्या तयारीत असलेल्यांसाठी एवढंच: झोपेत असा श्वास थांबणं या उंचीवर नेहमीचं आहे. बसल्याजागी धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ते निराळं प्रकरण, आणि तेव्हा सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.